सायस्मिकवरून काढलेली खोली किती मीटरने चुकू शकते, हे कसं काढायचं

सायस्मिक सर्वेक्षणात, म्हणजे जमिनीत लहरी सोडून खालचे थर शोधताना, खोली कुणी मोजत नाही, मोजली जाते ती वेळ. लहर वरून निघाली, थरावरून परावर्तित होऊन परत आली, याला किती मिलिसेकंद लागले एवढंच हाती असतं. त्या वेळेला वेगाने गुणून दोनने भागलं की मीटर मिळतात. वेळ जितकी चुकेल तितकी खोली चुकते आणि वेग जितका चुकेल तितकीही चुकते. यातली वेगाची चूक बहुतेक वेळा मोठी असते. तरीही हॉरायझन (सायस्मिकवर दिसणारी थराची रेषा) पुन्हा पुन्हा पिक करण्यात, म्हणजे आखण्यात, आठवडे जातात आणि वेगाच्या अनिश्चिततेला अहवालात एक ओळही मिळत नाही.

इथे दिलेली पद्धत स्प्रेडशीटवर करता येते. हॉरायझनच्या वेळा, वेगाचं काहीतरी मॉडेल आणि चार-सहा विहिरींमधली प्रत्यक्ष खोली एवढं हाताशी हवं. उदाहरणातला थर सुमारे १,३६५ मीटरवर घेतला आहे. मुंबई हायचा एल-३ हा चुनखडकाचा मुख्य तेलथर साधारण अशाच खोलीवर आहे आणि तिथे पाणी सुमारे ७५ मीटर खोल आहे. खाली येणारे वेगाचे आणि चुकांचे आकडे मात्र हिशेब दाखवण्यासाठी घेतलेले आहेत, त्या क्षेत्राचे नव्हेत.

आधी प्रश्न ठरवा

‘खोलीत चूक किती?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. विचारणाऱ्याला नेमकं काय हवं आहे, त्यावर उत्तर बदलतं.

ड्रिलिंग इंजिनिअरला केसिंग, म्हणजे विहिरीच्या आतली पोलादी नळी, कुठे बसवायचं हे ठरवायचं असतं. त्याला एका ठिकाणची, समुद्रसपाटीपासूनची थेट खोली हवी असते. भूवैज्ञानिकाला उंचवट्याचा माथा आणि तेल बाहेर सांडेल तो बिंदू यांच्यातला फरक, म्हणजे क्लोजर हवं असतं. साठ्याचा हिशेब करणाऱ्याला त्या दोन्हींच्या मधलं सगळं घनफळ हवं असतं.

समजा माथा १,३६५ मीटरवर आणि सांडबिंदू १,४०५ मीटरवर आहे, म्हणजे क्लोजर ४० मीटर. वेग सगळीकडे सारखाच १ टक्क्याने चुकला, तर दोन्ही ठिकाणं सुमारे १४ मीटरने सरकतात, पण क्लोजर फक्त ०.४ मीटरने बदलतं. ड्रिलिंगवाल्याची पंचाईत झाली, भूवैज्ञानिकाचं काही बिघडलं नाही. आता हाच १ टक्का माथ्यापासून सांडबिंदूपर्यंत जाताना हळूहळू बदलत गेला असेल, तर ४० मीटरच्या क्लोजरमधले १४ मीटर संशयास्पद ठरतात. उंचवटा खरोखर आहे की वेगाने निर्माण केला आहे, हा प्रश्न तिथून सुरू होतो. म्हणून कामाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा: थेट खोलीची चूक काढतोय, की दोन ठिकाणांमधल्या फरकाची.

शून्य कुठे आहे?

हे इतकं साधं आहे की कुणी तपासत नाही, आणि म्हणूनच इथे पंचवीस-तीस मीटरच्या चुका सापडतात. विहिरीची खोली रिगच्या केली बुशिंगपासून (रिगच्या मजल्यावरच्या एका भागापासून) मोजलेली असते आणि ते समुद्रसपाटीच्या बरंच वर असतं. तिरप्या विहिरीत मोजलेली लांबी आणि खरी उभी खोली यांत शेकडो मीटरचा फरक असू शकतो. सायस्मिकचा डेटम, म्हणजे शून्याची पातळी, समुद्रात बहुधा सरासरी समुद्रसपाटी असतो, जमिनीवर मात्र प्रोसेसिंगवाल्यांनी सोयीने निवडलेली एखादी पातळी असते. त्या पातळीपर्यंतच्या भरावासाठी कोणता वेग वापरला, हे त्यांच्या अहवालात शोधा. तो आकडा न मिळाल्यास पुढचा हिशेब करू नका.

विहिरीतली खोलीही देववाणी नाही. ड्रिल पाइपच्या लांबीवरून काढलेली खोली आणि वायरलाइनची (तारेवर उतरवलेल्या उपकरणाची) खोली यांत काही मीटरचा फरक असणं नेहमीचं आहे. तिरप्या विहिरीत कोनाच्या मोजणीतली चूक वाढत जाते. ६० अंश कलत्या २,००० मीटर लांबीच्या टप्प्यात कोन ०.२ अंशाने चुकला, तर उभी खोली सुमारे ६ मीटरने चुकते. सायस्मिकचा अंदाज आणि विहीर यांत ५ मीटरचा फरक दिसला, की दोष सायस्मिकचाच असं धरायचं कारण नाही.

वेळेतली चूक

वेळेच्या चुकीचे चार भाग वेगळे करून लिहा.

पहिला, पिकिंग. परावर्तन स्वच्छ असेल तर एका माणसाचं पिक २ ते ४ मिलिसेकंदांत परत जुळतं. हे तपासायचं असेल तर दुसऱ्या माणसाला तोच हॉरायझन आधीचं पिक न दाखवता काही लाइनींवर पिक करायला द्या आणि फरकांचं प्रमाण विचलन काढा. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: उभं रिझोल्यूशन तरंगलांबीच्या पाव भागाइतकं असतं, म्हणून पिकची चूकही तेवढीच. तसं नाही. ३,३०० मीटर प्रतिसेकंद वेग आणि ३५ हर्ट्झ वारंवारता घेतली तर तरंगलांबी ९४ मीटर आणि पाव भाग सुमारे २४ मीटर येतो. दोन थर वेगळे दिसण्यासाठी तेवढी जाडी लागते. एकट्या, सुट्या परावर्तनाचं शिखर मात्र त्याहून कितीतरी बारकाईने पकडता येतं. थर पातळ होत गेला आणि वरच्या-खालच्या परावर्तनांची गुंतागुंत झाली, की मग शिखर सरकतं आणि ही सवलत संपते.

दुसरा, फेज. डेटा झीरो-फेज आहे, म्हणजे लहरीचं शिखर नेमकं थराच्या सीमेवर येतं, असं लेबल असतं, पण प्रत्यक्षात तो तसा असेलच असं नाही. ९० अंशांचा फेज फरक म्हणजे पाव आवर्तन. ३० हर्ट्झला ते ८.३ मिलिसेकंद होतात आणि २,६०० मीटर प्रतिसेकंद सरासरी वेगाने जवळपास ११ मीटर. ही चूक विखुरलेली नसते, सगळ्या नकाशावर एकाच दिशेने असते. विहिरीच्या सिंथेटिकशी (विहिरीतल्या मोजमापांवरून तयार केलेल्या कृत्रिम सायस्मिकशी) जुळवताना वेव्हलेटचा, म्हणजे मूळ लहरीच्या आकाराचा, फेज काढा आणि तो दोन-तीन विहिरींवर सारखा येतो का पाहा. एका विहिरीवर १० अंश आणि दुसरीवर ७० अंश आला, तर ही अनिश्चितता हिशेबात स्वतंत्र ओळ म्हणून घ्या.

तिसरा, स्टॅटिक. हा जमिनीवरचा त्रास. वरच्या सैल, झिजलेल्या थराची जाडी बदलते आणि त्याची दुरुस्ती अपुरी राहिली की खालचे सगळे थर वेळेत वर-खाली होतात. लहान लांबीची चूक रेसिड्युअल स्टॅटिक या उरलेल्या चुकीच्या दुरुस्तीने निघून जाते. लहरी टिपणाऱ्या केबलच्या लांबीपेक्षा मोठ्या अंतरावर पसरलेली चूक मात्र तशीच राहते आणि रुबाबदार उंचवट्यासारखी दिसते. १० मिलिसेकंद राहिले तर १३ मीटर. उंचवट्याचा आकार वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या थरांत सारखाच दिसत असेल, तर आधी जमिनीच्या उंचीचा नकाशा काढून त्यावर ठेवून पाहा.

चौथा, मायग्रेशननंतरची, म्हणजे परावर्तनं त्यांच्या खऱ्या जागी नेणाऱ्या प्रक्रियेनंतरची जागा. परावर्तन आडवं १०० मीटरने चुकीच्या जागी बसलं आणि थराचा उतार १० अंश असला, तर विहिरीखाली खोली १८ मीटरने वेगळी निघते. सपाट थरात ही ओळ शून्य धरा, उतार ५ अंशांच्या वर गेला की धरू नका.

वेगातली चूक

स्टॅकिंग वेग हा थरातला खरा उभा वेग नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी घाईत तो तसाच वापरला जातो. स्टॅकिंग वेग म्हणजे गॅदरमधली, म्हणजे एकाच जागेच्या अनेक नोंदींच्या गठ्ठ्यातली, परावर्तनं सपाट करणारा आकडा. त्यावर थराचा उतार, वापरलेले ऑफसेट (स्रोत आणि ग्राहक यांमधली अंतरं), वाकत जाणारे किरण आणि खडकाची दिशेनुसार बदलणारी लवचिकता, म्हणजे ॲनायसोट्रॉपी, या सगळ्यांचा परिणाम असतो. शेलमध्ये हा शेवटचा परिणाम मोठा आहे. भूभौतिकतज्ज्ञ थॉमसेनने १९८६मध्ये ॲनायसोट्रॉपीसाठी मांडलेल्या मापकांपैकी डेल्टा ०.०५ असेल तर मूव्हआउटवरून, म्हणजे ऑफसेटबरोबर वाढणाऱ्या वेळेवरून, येणारा वेग उभ्या वेगाच्या १.०४९ पट होतो, डेल्टा ०.१ असेल तर १.०९५ पट. म्हणजे जाड शेलखालचा थर सायस्मिकवर प्रत्यक्षापेक्षा खोल दिसतो, आणि तोही सगळीकडे. विहिरी एकामागून एक ‘अपेक्षेपेक्षा वर’ लागत असतील तर पहिला संशय इथे घ्या.

मूव्हआउटवरून वेग किती बारकाईने कळतो, हे ऑफसेटवर ठरतं. परावर्तनाची शून्य-ऑफसेट वेळ १ सेकंद आणि वेग २,६०० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे खोली १,३०० मीटर घ्या. ऑफसेट खोलीइतकाच असेल, तर वेग १ टक्क्याने बदलल्यावर टोकाच्या ट्रेसवर (सर्वांत दूरच्या ग्राहकाच्या नोंदीवर) फक्त २.२ मिलिसेकंदांचा फरक पडतो. ऑफसेट खोलीच्या दुप्पट असेल तर तोच फरक ७ मिलिसेकंद होतो. मूव्हआउट २ मिलिसेकंदांपर्यंत वाचता येतो असं धरलं, तर पहिल्या परिस्थितीत वेगाची अनिश्चितता सुमारे १ टक्का आणि दुसऱ्या परिस्थितीत ०.३ टक्के. खोल लक्ष्यासाठी केबल अपुरी पडली, की पुढे कोणतंही सॉफ्टवेअर ती माहिती निर्माण करू शकत नाही.

त्यावर डिक्सचं १९५५चं सूत्र लावून दोन परावर्तनांमधल्या थराचा वेग काढला, की चूक फुगते. वरच्या थराला ०.९ सेकंदावर २,४०० आणि खालच्याला १.० सेकंदावर २,५०० मीटर प्रतिसेकंद आरएमएस वेग (वेगाच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) असेल, तर मधल्या थराचा वेग सुमारे ३,२६५ येतो. खालचा आकडा १ टक्क्याने वाढवून २,५२५ करा: उत्तर ३,४५२. त्याच वेळी वरचा १ टक्क्याने कमी केला तर ३,५९८. दोन्हीकडे एकेक टक्का, निकालात १० टक्के. म्हणून १०० मिलिसेकंदांपेक्षा पातळ थरांवर डिक्स लावू नये. लावलंच तर येणाऱ्या वेगाची अनिश्चितता अशीच, आकडे हलवून, स्वतः मोजून घ्यावी.

विहिरीतला वेग यापेक्षा भरवशाचा, पण त्यालाही अटी आहेत. चेकशॉट किंवा व्हीएसपीमध्ये, म्हणजे विहिरीत ग्राहक उतरवून वरच्या स्रोतापासूनची वेळ मोजताना, स्रोत विहिरीपासून बाजूला असतो, त्यामुळे तिरप्या मार्गाची वेळ उभी करून घ्यावी लागते. उथळ भागात ती दुरुस्ती मोठी असते. सॉनिक लॉग, म्हणजे विहिरीत उतरवलेलं ध्वनियंत्र, १० ते २० किलोहर्ट्झच्या लहरींनी मोजतो, सायस्मिक दहा-ऐंशी हर्ट्झच्या. खडकात वारंवारतेनुसार वेग थोडा बदलतो आणि सॉनिकचा वेग सहसा किंचित जास्त येतो. म्हणून सॉनिक जोडत गेल्यावर मिळणारी वेळ चेकशॉटपेक्षा कमी भरते. याच्या उलट, भोक धसून रुंद झालेल्या जागी सॉनिक मंद वाचतो. चेकशॉटशिवाय नुसत्या सॉनिकवर वेळ-खोली तक्ता बेतला असेल, तर त्या विहिरीला कमी वजन द्या.

खोलीबरोबर वेग सरळ रेषेत वाढतो असं मानून व-शून्य (वरचा वेग) आणि क (वेगवाढीचा दर) हे दोन आकडे बसवण्याची पद्धत सोपी आहे आणि तरुण, गाळाच्या खोऱ्यांत चांगली चालते. व-शून्य १,८०० आणि क ०.६ प्रतिसेकंद असेल, तर १ सेकंद दुहेरी वेळेला खोली १,०५० मीटर येते. चूक काढताना मात्र हे दोन आकडे वेगवेगळे हलवू नका. एक वाढला की दुसरा कमी होऊन तीच वक्ररेषा जवळपास तशीच बसते. दोघांमध्ये मोठा ऋण सहसंबंध असतो. तो विसरून दोन्ही स्वतंत्रपणे हलवले तर चूक प्रत्यक्षापेक्षा कितीतरी मोठी दिसते.

चुकांचा ताळेबंद

तीन थरांचं उदाहरण घेऊ. पाणी: ०.१०० सेकंद, १,५०० मीटर प्रतिसेकंद, ७५ मीटर. त्याखाली मऊ शेल: ०.१०० ते ०.६०० सेकंद, २,२०० वेग, ५५० मीटर. मग शेल आणि चुनखडकाचे थर: ०.६०० ते १.०५० सेकंद, ३,३०० वेग, ७४२ मीटर. एकूण सुमारे १,३६७ मीटर.

आता प्रत्येक आकड्याला एक प्रमाण विचलन द्या आणि तो एकटाच हलवून खोली किती हलते ते लिहा.

– पाण्यातला वेग ०.५ टक्के: ०.४ मीटर.
– दुसऱ्या थराचा वेग २ टक्के: ११ मीटर.
– तिसऱ्या थराचा वेग ३ टक्के: २२.३ मीटर.
– मधल्या सीमेचं पिक ५ मिलिसेकंद: २.८ मीटर.
– लक्ष्याचं पिक ४ मिलिसेकंद: ६.६ मीटर.
– फेज आणि विहिरीशी जुळणी ३ मिलिसेकंद: ५ मीटर.
– विहिरीतल्या खोलीची स्वतःची चूक: १.५ मीटर.

मधल्या सीमेची ओळ नीट पाहा. ती सीमा ५ मिलिसेकंदांनी खाली सरकली तर वरचा थर जाड होतो आणि खालचा तेवढाच पातळ. लक्ष्याच्या खोलीवर परिणाम होतो तो फक्त दोन वेगांच्या फरकामुळे. मधल्या हॉरायझनवर जीव काढण्यात अर्थ नसतो तो यामुळेच. लक्ष्याच्या पिकला मात्र सरासरी वेग नाही, शेवटच्या थराचा वेग लागू होतो. सरासरी वेग लावणाऱ्याला इथे ५.२ मीटर मिळतात, खरे ६.६.

सगळ्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: २६ मीटर. त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या तिसऱ्या थराच्या वेगाचा आहे. पैसे आणि वेळ कुठे घालायचा ते इथे कळतं.

पण त्या चुका स्वतंत्र आहेत का? दोन्ही थरांचे वेग एकाच स्टॅकिंग वेगावरून डिक्सने काढले असतील, तर एक चढला की दुसरा उतरतो, कारण एकूण आरएमएस वेग बांधलेला असतो. सहसंबंध उणे ०.७ धरला तर एकूण चूक १९ मीटर होते. उलट, दोन्ही थर शेलचे आहेत आणि दोन्हींत ॲनायसोट्रॉपी दुर्लक्षिली असेल, तर चुका एकाच दिशेने जातात. सहसंबंध अधिक १ धरल्यास ३४ मीटर. म्हणजे तेच आकडे घेऊन सहसंबंधाच्या एका गृहीतकावर १९ ते ३४ मीटर. ताळेबंदात हे गृहीतक शब्दांत लिहिलं नसेल, तर शेवटचा आकडा वाचणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवू नये.

विहिरींवर तपासणी

ताळेबंद कागदावरचा असतो, विहिरी त्याला जमिनीवर आणतात. इथे सर्वांत जास्त केली जाणारी चूक अशी: नकाशा विहिरींशी जुळवायचा, मग विहिरींवरचा फरक पाहायचा, तो शून्याच्या जवळ आला की ‘चूक २ मीटर’ असं लिहायचं. जुळवल्यावर फरक शून्य येणारच, त्यासाठीच तर जुळवलं. तो आकडा अचूकतेबद्दल काहीच सांगत नाही.

बरोबर रीत अशी. एक विहीर बाजूला काढा. बाकीच्या विहिरींवर वेगाचं मॉडेल पुन्हा बसवा, अगदी पहिल्यापासून. बाजूला काढलेल्या विहिरीच्या जागी खोलीचं भाकीत करा आणि ‘भाकीत वजा प्रत्यक्ष’ लिहा. प्रत्येक विहिरीसाठी हेच करा. समजा सहा विहिरींवर फरक असे आले: +९, −१४, +२२, −६, +१७, +११ मीटर.

सरासरी +६.५ मीटर, प्रमाण विचलन १३.८ मीटर. भाकीत सरासरीने खोल येतंय असं वाटेल. पण सहा नमुन्यांच्या सरासरीची स्वतःची अनिश्चितता १३.८ भागिले सहाचं वर्गमूळ, म्हणजे ५.६ मीटर आहे. ६.५ हा त्याच्या सव्वापटही नाही. एवढ्यावरून सगळा नकाशा ६.५ मीटरने वर उचलायचा की नाही, हा निर्णय आकड्यावर नव्हे तर कारणावर घ्यावा. शेलमधल्या ॲनायसोट्रॉपीसारखं भौतिक कारण दाखवता आलं तर उचला, नाहीतर राहू द्या.

दुसरी गोष्ट फार थोडे लोक लिहितात: सहा विहिरींवरून काढलेलं १३.८ हेसुद्धा डळमळीत आहे. त्याची ९५ टक्के मर्यादा सुमारे ८.६ ते ३४ मीटर येते. पुढच्या विहिरीसाठी अंदाज द्यायचा तर १३.८ला एक अधिक एक-षष्ठांशच्या वर्गमुळाने गुणा, १४.९ मिळतील. मग पाच स्वातंत्र्यमात्रांचा टी-गुणांक २.०१५ लावा. ९० टक्के खात्रीने ± ३० मीटर. नेहमीचा १.६४५ हा गुणांक लावला असता तर ± २५ मिळाले असते. कमी विहिरींची किंमत त्या ५ मीटरमध्ये दिसते.

आता हे ताळेबंदाशी ताडून पाहा. ताळेबंद २६ सांगतो आणि विहिरी १४, तर एक शक्यता अशी की वेगाच्या चुका ऋण सहसंबंधित आहेत. दुसरी शक्यता जास्त सावध करणारी आहे: विहिरी बहुधा उंचवट्यांच्या माथ्यांवर, एकमेकींच्या जवळ, सारख्याच खडकांत खोदल्या जातात. कडेच्या उतारावर किंवा पलीकडच्या खळग्यात त्यांचा आकडा लागू होत नाही. नवी जागा विहिरींच्या घोळक्याबाहेर असेल तर ताळेबंदाचा मोठा आकडा वापरा.

विहिरींपासून दूर

विहिरीवर चूक जवळपास शून्य, आणि अंतर वाढेल तशी ती वाढत जाऊन एका पातळीवर स्थिरावते. किती अंतरावर स्थिरावते हे व्हेरिओग्रामच्या, म्हणजे अंतरानुसार फरक कसा वाढतो ते दाखवणाऱ्या आलेखाच्या, रेंजवरून कळतं. सहा विहिरींवरून व्हेरिओग्राम बसवणं म्हणजे जवळजवळ अंदाजपंचेच. म्हणून रेंज सायस्मिक वेगाच्या दाट नकाशावरून घ्या आणि विहिरींवरून फक्त पातळी ठरवा. मग क्रिगिंगने, म्हणजे त्या आलेखावर बेतलेल्या आंतरगणनाने, खोलीबरोबर प्रमाण विचलनाचाही नकाशा मिळतो.

क्लोजर किंवा घनफळ हवं असेल तर तो नकाशा पुरत नाही, कारण क्रिगिंगचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि सांडबिंदू खोगिरातल्या एखाद्या अरुंद जागेवर ठरतो. तिथे सिम्युलेशन करावं. विहिरींशी जुळणारे, पण मधल्या भागात एकमेकांपासून वेगळे असे दोन-तीनशे पृष्ठभाग तयार करा आणि प्रत्येकावर सांडबिंदू नव्याने शोधा. सरासरी पृष्ठभागावरचं क्लोजर आणि या सगळ्या क्लोजरची सरासरी सारखी येत नाहीत. किती पृष्ठभागांवर उंचवटा मुळात बंदच होत नाही, ते मोजा. गुंतवणूक करणाऱ्याला मीटरपेक्षा तो आकडा जास्त उपयोगी असतो.

जिथे ही सगळी गणितं फसतात

उथळ वायू. ५० मीटर जाडीच्या वाळूत वायू भरला आणि वेग २,००० वरून १,६०० झाला, तर दुहेरी वेळ १२.५ मिलिसेकंदांनी वाढते आणि खालचा सपाट थर सुमारे १६ मीटर खचलेला दिसतो. वायू बहुधा उंचवट्याच्या माथ्यावरच असतो, म्हणजे नेमका माथाच सपाट होतो. ही चूक विखुरलेली नाही, जागेला बांधलेली आहे. ती प्रमाण विचलनात मिसळू नका. वायूची सीमा वेगळी काढून तिथे वेग बदला. चुनखडकाच्या रीफखाली (जुन्या प्रवाळभित्तीखाली) याच्या उलट होतं, खालचा थर वर ओढल्यासारखा दिसतो.

दख्खनचा कातळ. बेसॉल्टमध्ये वेग ५,००० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास, आणि त्याखाली गाळाचे खडक असलेच तर कमी वेगाचे. अपवर्तन पद्धतीला हा कमी वेगाचा थर दिसतच नाही, कारण तिथून लहर वर वळून येत नाही. तो आहे हे माहीत नसताना सगळी वेळ बेसॉल्टच्या वेगाने मीटरमध्ये बदलली, की तळचा पाया प्रत्यक्षापेक्षा खोल निघतो. ३,५०० वेगाचे ३०० मीटर गाळाचे खडक ५,२०० वेगाने मोजले तर ४४६ मीटर भरतात, म्हणजे जवळपास दीडशे मीटरची चूक. थर पातळ असेल तर परावर्तनही त्याला सुटा दाखवत नाही. किल्लारीला खोदलेल्या विंधनविवरात बेसॉल्ट ३३८ मीटर जाड निघाला आणि त्याखाली गाळाचा थर फक्त ८ मीटर. ३,००० मीटर प्रतिसेकंद आणि ४० हर्ट्झला पाव तरंगलांबीच १९ मीटर होते. शिवाय बेसॉल्ट एकजिनसी नाही: घट्ट प्रवाह, सच्छिद्र प्रवाह आणि मधले तांबड्या मातीचे थर यांमुळे वेग वर-खाली होतो आणि ऊर्जा विखुरते. अशा प्रदेशात ± ३ टक्के लिहिण्यापेक्षा दोन-तीन वेगळी भूवैज्ञानिक चित्रं मांडावीत आणि प्रत्येकाची खोली स्वतंत्र द्यावी. गाळ आहे आणि गाळ नाही, या दोन शक्यतांची सरासरी म्हणजे कुठेच नसलेला थर.

डेप्थ मायग्रेशन केलं असेल तर

डेप्थ मायग्रेशन थेट खोलीत चित्र देतं, पण त्यातले कॉमन इमेज गॅदर सपाट झाले म्हणजे खोली बरोबर, असं मानू नका. सपाट गॅदर एवढंच सांगतात की वेगवेगळ्या ऑफसेटचं उत्तर एकमेकांशी जुळतं. उभा वेग आणि डेल्टा एकत्र बदलून, सगळं १० टक्के खोल नेऊनही गॅदर सपाट राहू शकतात. डेल्टा विहिरीवरूनच मिळतो. करण्यासारखी चाचणी अशी: अंतिम मॉडेलमधल्या एका थराचा वेग २ टक्क्यांनी वाढवा, टोमोग्राफीला (वेगाचं मॉडेल सुधारणाऱ्या गणिताला) बाकीचे थर पुन्हा जुळवू द्या, गॅदर पुन्हा सपाट होतात का पाहा. झाले तर लक्ष्य किती सरकलं ते नोंदवा. प्रत्येक थरासाठी, वाढवून आणि घटवून, हे करा. गॅदर सपाट ठेवूनही लक्ष्य जितकं सरकतं, तितकी तुमची खरी अनिश्चितता.

आकडा कसा लिहायचा

‘± ३०’ एवढंच लिहू नका. एक प्रमाण विचलन की ९० टक्के मर्यादा, ते लिहा. पी-९० लिहिताना शब्दांत खुलासा करा. साठ्याच्या भाषेत पी-९० म्हणजे लहान आकडा, ज्याहून जास्त निघण्याची शक्यता ९० टक्के असते, खोलीच्या बाबतीत मात्र एकजण त्याचा अर्थ उथळ घेतो आणि दुसरा खोल. चूक दोन्ही बाजूंना सारखी नसेल, जसं वायूखाली किंवा ॲनायसोट्रॉपी दुर्लक्षिल्यावर असतं, तर + आणि − वेगळे द्या. डेटम, वापरलेल्या विहिरींची संख्या आणि सहसंबंधाचं गृहीतक आकड्याच्या शेजारीच असू द्या. ‘माथा १,३६५ मीटर, समुद्रसपाटीखाली; ९० टक्के मर्यादा १,३३५ ते १,३९५; सहा विहिरींवर एकेक वगळून तपासलेलं; उथळ वायू धरलेला नाही’ असं लिहिलं की केसिंगची जागा ठरवणाऱ्याला तुम्हाला फोन करावा लागत नाही.

विहीर खोदताना अंदाज सुधारता येतो. मधला एखादा थर अपेक्षेपेक्षा ८ मीटर वर लागला, तर ताळेबंदातल्या सहसंबंधानुसार लक्ष्यही सरकवा, डोळे झाकून ८ मीटर नव्हे. चुका स्वतंत्र असतील तर तो फरक पूर्ण पुढे जातो. ऋण सहसंबंध असेल तर खालचा थर त्यातला बराच भाग भरून काढतो. धन असेल तर फरक ८ मीटरपेक्षाही वाढतो. लक्ष्याच्या दोनशे-तीनशे मीटर आधी थांबून व्हीएसपी घेता आली, तर खालच्या परावर्तनापर्यंत उरलेली वेळ थेट कळते आणि चूक फक्त त्या उरलेल्या टप्प्याच्या वेगाची राहते: २५० मीटरला ३ टक्के, म्हणजे साडेसात मीटर.